मकावला जाणाऱ्यांना सांगते

पहिली गोष्ट चपलेची. मकावला नवा बूट घालून जाऊ नये. आमच्याकडे परदेशी जायचं ठरलं की माणूस आधी गोंदियाच्या बाजारात जाऊन बूट घेतो आणि तो थेट विमानतळावर पायात घालतो. तिथे दिवसभर गालिच्यांवरून चालायचं असतं, आणि गालिचा कितीही मऊ असला तरी चावणारा बूट चावायचा थांबत नाही. घरातली जुनी, झिजलेली चप्पल असेल तर तीच बरी. लोक काय म्हणतील याची काळजी नको. त्या गावात कोणी कोणाच्या पायांकडे बघत नाही.

दुसरी गोष्ट खाण्याची. भाजके पोहे, शेव आणि लिंबाचं लोणचं सोबत घ्या. भात मिळतो, पण चिकट, गोळा होणारा. आमच्या ह्यांनी पहिल्याच जेवणात त्यातलं एक शीत बोटांत धरून चुरडलं, वास घेतला आणि म्हणाले, "वाण चांगला हाय, शिजवनाऱ्यानं वाटोळं केलं." सगळं टेबल हसलं. धानाच्या मुलखातला माणूस, तो कुठेही गेला तरी आधी शीत दाबून बघणार.

हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. आमगावात आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दोन हजार सालानंतर औषध कंपन्यांना स्कीमचं वेड लागलं. धानावरच्या औषधाचा अमुक माल उचलला की भिंतीवरचं घड्याळ, त्याहून जास्त उचलला की फ्रिज, आणि त्याहूनही जास्त उचलला की नवरा-बायकोला बँकॉक. सगळ्यांचं बँकॉक बघून झालं तेव्हा मकाव निघालं. मकाव म्हणजे चीनच्या कडेला असलेलं, जुगारावर चालणारं शहर. आमच्या तालुक्यातून तिथे पहिल्यांदा गेलो ते आम्ही दोघं. सांगायला उरले मी एकटी. त्यामुळे ज्याचं टार्गेट पूर्ण होतं तो बायकोला घेऊन माझ्याकडे येतो. "वहिनी, तिकडं काय काय न्या लागते?" असं विचारतो. मी चहा ठेवते आणि सांगते.

आणि मग उठता उठता, एक पाय चपलेत घालून झाल्यावर, तो खरं काय ते विचारतो. "पर वहिनी, भाऊ त्या मशीनवर बसले तरी कायले होते?"

म्हणजे चपलेचं, लोणच्याचं सगळं ऐकून घेतलं ते यासाठी. राग येतो, पण काय करता? गिऱ्हाईक असतं, नात्यातलं असतं, कधी दोन्ही असतं. तरीही मी सांगायचं सोडत नाही. टिपा खऱ्या आहेत, आणि प्रत्येक टीप मला महाग पडली आहे.

माझे यजमान मकावला गेले आणि जिवंत परत आले नाहीत, हे आमगावात सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस जातो, हे आपण लहानपणापासून बघतो. रडतो आणि उठून चूल पेटवतो. मला जे आतून खात होतं ते वेगळंच होतं. जाण्याआधी त्यांनी माझ्यासाठी एक निरोप ठेवला होता आणि तो निरोप खोटा निघाला होता. इतक्या वर्षांच्या संसारात ते माझ्याशी खोटं बोलले नव्हते. निदान मला सापडले तरी नव्हते. आणि मग जाता जाता, अगदी शेवटचं वाक्य, तेच खोटं? याचा निकाल लागल्याशिवाय मला नीट रडताही येत नव्हतं. एक वर्षभर मी नुसती चिडलेली होते.

जुगाराचं म्हणाल तर ह्यांना त्याचं कौतुक नव्हतं आणि वावडंही नव्हतं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांना मटण होतं, रात्री नाच-सोंगांची दंडार असते, आणि बाजाराच्या कडेला चित्रांचे फासे टाकून झंडीमुंडीचा खेळ चालतो. हे तिथे उभे राहायचे, गंमत बघायचे आणि मला जिलबी घेऊन परत यायचे. पण माझ्या सासूबाईंना नुसतं उभं राहणंही खपत नसे. मकावचं ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या गावात असते तरी काय?" ह्यांनी खरं ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जुव्याच्या गावाले कायले जाता? काशीले जा." हे म्हणाले, "आई, काशीची स्कीम नाही ना वो. पर तुले सांगतो, हात नाही लावत." सासूबाईंनी तेवढं ऐकलं आणि माळ ओढत बसल्या.

आमच्या टोळीत सगळे दुकानदार आणि त्यांच्या बायका. नगर, सातारा, सांगलीकडचेच जास्त. गोंदियाकडचे आम्ही दोघंच. पुढे छत्री उंच धरून चालणारा टूर मॅनेजर पुण्याचा. चाळिशीचा असेल, म्हणजे आमच्याहून फार काही लहान नव्हे, पण आम्हाला काका-काकू म्हणे. वाईट माणूस नव्हता. उलट फारच काळजी घ्यायचा. कोणाची बॅग राहिली, कोणाचं पोट बिघडलं, सगळं बघायचा.

त्याच्याशी हे हिंदीत बोलायचे. तो मराठीत विचारायचा, "काका, झोप झाली का?" आणि हे म्हणायचे, "हाँ हाँ, एकदम बढिया." मला हसू यायचं. पण गोंदियाच्या माणसाची ती सवयच आहे. समोरचा बाहेरचा दिसला की जिभेवर हिंदी येते. शिवाय ह्यांना एक जुनं दुखणं होतं. एकदा कंपनीच्या मिटिंगला पुण्यात गेले असताना ते उभे राहून काहीतरी बोलले आणि त्यांच्या बोलीला मागच्या रांगेतले चार जण हसले. घरी येऊन मला म्हणाले, "आता त्या लोकायसमोर मराठी बोलनं बंद." तेव्हापासून नागपूरच्या पलीकडच्या माणसाशी हिंदीच.

आता घड्याळाची टीप. मनगटावर घड्याळ बांधून जा. त्या हॉलांमध्ये भिंतीवर घड्याळ नसतं आणि खिडकीही नसते. बाहेर दुपार आहे की रात्र, हे आत कळू नये अशीच सोय केलेली असते. एका ठिकाणी तर त्यांनी इमारतीच्या आतच कालवा काढलाय, त्यात होड्या चालतात आणि वर छताला आभाळ रंगवलंय. मावळतीचं आभाळ, गुलाबी ढगांचं. पहिल्या दिवशी आम्ही तिथे गेलो तेव्हा हे बराच वेळ मान वर करून उभे होते. मग मला म्हणाले, "वो, हे संध्याकाळ सरूनच नाही राहिली." मला ते ऐकून कसंतरी झालं. मी म्हटलं, "चला पुढे, छत्री लांब गेली."

आत मोठा हॉल. हिरव्या टेबलांभोवती घोळके, आणि बाकी जिकडे तिकडे पैसे टाकून खेळायची मशीन, प्रत्येकीसमोर एक खुर्ची. मशीनींचा किणकिणाट, सिगारेटचा धूर, आणि कोणाच्याही तोंडावर हसू नाही. हे माझ्या कानाशी म्हणाले, "मंडईच हाय. फक्त धूळ नाही आन् कोंबड्याय नाही." मी विचारलं, खेळायचं का? म्हणाले, "मंडईत समोरच्याचं तोंड तरी दिसते. मशीनसंगं कोन खेळते?" हे त्यांचे शब्द आहेत. मी एक अक्षर वाढवत नाही.

फुकटच्या बसगाड्यांना भुलू नका, हेही सांगते. बोटीच्या धक्क्यावर उतरलं की वेगवेगळ्या हॉटेलांच्या चकचकीत बसगाड्या उभ्या असतात, तिकीट नाही की काही नाही. बसा खुशाल. पण त्या तुम्हाला तुमच्या खोलीवर नेत नाहीत, आपापल्या जुगाराच्या दारात नेऊन सोडतात. आणि पायी निघालात, तर त्या गावात सरळ रस्ता सापडत नाही. आमचं हॉटेल त्या कालव्याच्या इमारतीतून दिसत होतं, हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतकं. पण जायचं कसं? एका इमारतीतून काचेच्या पुलावरून दुसऱ्या इमारतीत, तिथून सरकत्या जिन्याने खाली, मशीनींच्या हॉलमधून आरपार, आणि पलीकडच्या दारातून बाहेर. पाय दुखले म्हणून कुठे टेकावं तर बाक नाही, कट्टा नाही. आमच्यातल्या दोघी एका कारंज्याच्या काठावर बसल्या, तर रखवालदाराने हसत हसत उठवलं. त्या गावात बसायला खुर्ची मिळते ती फक्त मशीनसमोर. हे मला तिथे असताना कळलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. बायकांना होडीत बसायचं होतं म्हणून आम्ही रांगेत उभ्या होतो. पुरुष मंडळी हॉलमध्ये पांगली होती. हेही त्यांच्यात. सकाळपासून ते जरा गप्प होते. मी विचारलं तर म्हणाले, धुराने डोकं जड झालंय. कंपनीने जोडप्यामागे एकच फोन दिला होता आणि तो ह्यांच्या खिशात होता. आता मी सगळ्यांना सांगते, काटकसर गेली चुलीत, दोघांकडे दोन फोन ठेवा.

रांग हलत नव्हती. तेवढ्यात पुण्याचा मॅनेजर छत्री सावरत आला. "काकू, काकांचा फोन होता. ते हॉटेलवर पोहोचलेत. आराम करतायत. तुम्हाला सांगा म्हणाले."

मी विचारलं, "बरं नाही का त्यांना?"

"तसं काही म्हणाले नाहीत. धुराचा कंटाळा आला असेल. तुम्ही निवांत बोट करा, मग आपण सगळे एकदमच जाऊ."

मला बरंच वाटलं. धुरातून सुटले, पडले असतील खोलीत, टीव्ही लावून झोपले असतील. नंबर लागला, आम्ही होडीत बसलो. वल्हवणारी बाई गाणं म्हणत होती, कोणत्या भाषेत कोण जाणे, पण आवाज गोड होता. सातारच्या बाईंनी माझा फोटो काढला. त्या फोटोत मी हसते आहे.

संध्याकाळी हॉटेलवर आलो. खोलीला कुलूप. माझ्याजवळच्या चावीने उघडलं, तर आत कोणी नाही. सकाळी बाईने लावून ठेवलेला बिछाना जसाच्या तसा होता, चादरीला सुरकुती नव्हती. पंचा कोरडा होता. आधी मला रागच आला. आराम करतायत म्हणे! चहा शोधायला उतरले असतील, असं समजून मी बसून राहिले. मग मॅनेजरला बोलावलं, त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. आणि तेवढ्यात खालच्या काउंटरवरून त्यालाच बोलावणं आलं. इस्पितळातून फोन होता. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात चिनी अक्षरांचं हॉटेलचं कार्ड सापडलं होतं, त्यावरून त्यांनी पत्ता काढला होता.

ते कार्ड जरूर घ्या. प्रत्येकाच्या खिशात वेगळं. टॅक्सीवाल्याला इंग्रजी येत नाही, ते कार्ड दाखवलं की तो बरोबर नेतो. काउंटरवरच्या मुलीने तसल्याच कार्डाच्या मागे इस्पितळाचं नाव चिनीत लिहून दिलं आणि टॅक्सीवाल्याने आम्हालाही बरोबर नेलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. हृदय थांबलं होतं.

तिथल्या अधिकाऱ्याने इंग्रजीत सांगितलं ते मॅनेजरने मला मराठीत सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. शेजारच्या कसिनोच्या हॉलमध्ये, मशीनसमोरच्या खुर्चीवर ते बसलेले आढळले. मान पुढे पडली होती. तिथे रात्रंदिवस खेळून दमलेली माणसं खुर्चीतच झोपतात, त्यामुळे बराच वेळ कोणी उठवायला गेलं नाही.

झालं. यावरून ज्याने त्याने जे समजायचं ते समजून घेतलं. हॉटेलवर पोहोचलो असं फोनवर सांगितलं. खोलीत तर पाय ठेवलेला नाही. सापडले मशीनसमोर. म्हणजे बायकोला होडीत बसवून, आराम करतो असं खोटं सांगून, माणूस एकटाच दुसऱ्या कसिनोत खेळायला गेला. सरळ हिशेब. परतीच्या प्रवासात टोळीतले पुरुष माझ्याशी फार अदबीने बोलत होते, आणि मी जरा लांब गेले की एकमेकांशी हळू बोलत होते. कंपनीने सगळी व्यवस्था केली, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पेटी नागपूरला उतरली, तिथून गाडीने आमगावला आली. पण पेटी पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती.

आमच्या गावाला दुःख कळत नाही असं नाही. लोक आले, रडले, तेरवीपर्यंत घरात कोणी चूल पेटवू दिली नाही, डबे येत राहिले. पण डब्याबरोबर एक नजरही यायची. "कोनाच्या मनात काय असते, सांगता येते का?" असं कोणीतरी म्हणायचं, आणि बाकीच्या बायका माना हलवायच्या. मंडईत बाजूला उभा राहून गंमत बघणारा माणूस. आता लोकांना आठवायला लागलं की तो तिथे बराच वेळ उभा राहायचा.

सासूबाईंनी मला एकदाच विचारलं. आम्ही दोघीच होतो. "वो, त्यानं हात लावला होता का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, आई."

खोटं सांगून त्यांचं समाधान करता आलं असतं. पण घरात एक खोटं आधीच येऊन बसलं होतं, त्यात माझं कुठे वाढवू? सासूबाईंनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मुलाच्या फोटोसमोर दिवा लावायच्या, पण तो लावून झाला की लगेच उठून जायच्या. आधी त्या देवासमोर तासभर बसणाऱ्या बाई.

माझं तर भांडणच चाललं होतं. दुकान मी बघायला लागले होते. दिवसभर युरिया, बियाणं, उधारी, यात डोकं गुंतलेलं असायचं. पण सकाळी शटर उघडून फोटोला उदबत्ती लावली की मनातल्या मनात सुरू व्हायचं. खोटं बोलायची काय गरज होती? मशीनवर बसतो, एवढं सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला? आईला दिलेला शब्द मोडायचा होता तर मोडायचा, मी थोडीच सांगणार होते? दुसऱ्याच्या तोंडून निरोप धाडला, तोही खोटा. मेलेला माणूस उत्तर देत नाही म्हणून भांडण संपत नाही. मी रडायला बसायची आणि मध्येच चिडून उठायची. नागऱ्याला महादेवाच्या देवळात गेले, तिथेही हात जोडून हेच विचारलं. देवाने तरी काय सांगावं?

पुढच्या हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपत आली तेव्हा, पुण्याच्या मॅनेजरचा फोन आला. नव्या टूरच्या मिटिंगसाठी गोंदियाला यायचं होतं. म्हणाला, "काकू, येऊन भेटून गेलं तर चालेल का? मला कित्येक दिवस यायचं होतं." मी या म्हटलं. खरं तर मला त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. पण घरी येतो म्हणणाऱ्याला नको कसं म्हणायचं?

तो दुपारच्या गाडीने आमगावला उतरून आला. हातात छत्री नव्हती, त्यामुळे आधी ओळखूच आला नाही. केस पांढरे झाले होते. सासूबाईंच्या पाया पडला. त्या ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी त्याला न्याहाळून बघितलं, समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "बस बापा. माहा लहाना पोरगा येऊन राहिला. त्याले भेटूनच जा."

माझा दीर देवरीला नोकरीला आहे; पाहुणे येणार म्हणून तो त्या दिवशी लवकर निघाला होता. सासूबाईंनी लगेच शेजारच्या एकाला हाक मारून स्टँडवर धाडलं, दिराला घेऊन यायला. आमच्या घरातली ही रीत आहे. कोणी येतो म्हणून कळवलं की सासूबाई त्याला आणायला माणूस पाठवणारच, मग येणारा पन्नाशीचा का असेना.

मी चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पावसाचं, धानाच्या भावाचं. तो सारखा मधल्या खोलीच्या दाराकडे बघत होता. शेवटी घड्याळ बघून मला हळूच म्हणाला, "काकू, तुमच्या दिरांना जरा बाहेर बोलवता का? माझी परतीची गाडी आहे."

"कुठून बोलवू?" मी म्हटलं. "ते कुठे आलेत अजून?"

"आजी म्हणाल्या ना मघाशी, आलेत म्हणून. मला वाटलं आत झोपलेत."

मला हसू आलं. "अहो, आलेत नाही म्हणाल्या. येऊन राहिले म्हणाल्या. म्हणजे येताहेत. निघालेत तिकडून, रस्त्यात असतील."

तो पण हसला. "असं होय. मला वाटलं, येऊन राहिलेत म्हणजे..." आणि तो थांबला. हातातली कपबशी त्याने खाली ठेवली. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण डोळे माझ्याकडे असे लागले की मलाच भीती वाटली.

"काकू," तो म्हणाला, "काका त्या दिवशी फोनवर मला काय म्हणाले, माहीत आहे?"

"हॉटेलवर पोहोचलो म्हणाले. तुम्हीच तर सांगितलं."

"ते मी सांगितलं. त्यांचे शब्द तसे नव्हते. ते म्हणाले..." त्याला नीट आठवत होतं. वर्षभर त्याने ते वाक्य घोळवलं असणार, कारण त्याने ते आमच्या हेलासकट म्हणून दाखवलं. "मी हॉटेलवर जाऊन राहिलो, तिले सांगजा."

मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हटलं.

"मला वाटलं, जाऊन राहिलो. म्हणजे गेलो, आणि तिथे थांबलो आहे."

"हिंदीत नाही बोलले?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"नाही ना. सबंध टूरमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले. मला तर बरं वाटलं होतं, काकू. म्हटलं, काकांनी आपल्याला घरचं मानलं."

"दम लागला होता का बोलताना?"

तो खाली बघत म्हणाला, "थांबून थांबून बोलत होते. पण हॉलमध्ये इतका गोंगाट होता..."

पुढचं मी ऐकलं नाही. पुण्याचे चार लोक हसले म्हणून ज्याने वर्षानुवर्षं त्या बाजूच्या माणसापुढे आपली बोली तोंडातून बाहेर पडू दिली नाही, त्याला त्या दुपारी हिंदी सुचली नाही. छातीत काय होत असेल तेव्हा! जीव घाबरा झाल्यावर माणसाला जी भाषा येते ती आली. आणि ते खोटं बोलले नव्हते. मी हॉटेलवर चाललो आहे, तिला सांगा. एवढंच सांगितलं होतं त्यांनी, अक्षर न् अक्षर खरं. काचेचा पूल ओलांडला असेल, जिना उतरला असेल, आणि पुढे पाऊल उचलेना तेव्हा बसायला जे मिळालं त्यावर बसले. ज्या माणसाशी मी वर्षभर भांडत होते तो माझ्याकडे खरा निरोप धाडून रस्त्याने एकटा चालला होता.

मला रडू फुटलं. वर्षभर अडलेलं रडू, ते काही आवरेना. पदर तोंडात धरून मी ओसरीच्या खांबाला टेकून रडत होते आणि तो पुण्याचा माणूस समोर हात जोडून बसला होता. मला मोकळं वाटायला हवं होतं. नवरा खरा निघाला, आणखी काय पाहिजे? पण त्याच वेळी दुसरं एक मनात चढत होतं. निरोप आला तेव्हा ते जिवंत होते. मी रांगेत उभी होते तेव्हा ते त्या पुलावर होते, हाकेच्या अंतरावर.

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांना त्या वाक्यात समजायला अवघड असं काहीच नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय सांगतलं होतं त्यानं?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आई, ते खेळायला गेले नव्हते. हॉटेलवर जाऊन राहिलो, असं सांगितलं होतं."

"जाऊन राहिलो म्हणलं?"

"हो."

सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग त्याले घ्याले कोनी काऊन नाही गेलं?"

सासूबाई उत्तराची वाट बघत आम्हा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होत्या.